नमनातील राधा आणि वेशीबाहेरचा माणूस

शिमग्याच्या पालख्या निघाल्या, की रत्नागिरी, संगमेश्वर, लांजा, गुहागर या तालुक्यांच्या वाड्यावाड्यांतून मृदंगावर थाप पडते आणि नमनाचे खेळे उभे राहतात. गणाने आरंभ होतो, गौळण येते, संकासूर येतो, मग वग रंगतो. या खेळातील राधा आणि तिच्या सख्या परंपरेने पुरुषच असतात. दिवसभर कातळावर राबणारा किंवा मुंबईहून रजा काढून आलेला कुणब्याचा तरुण रात्री लुगडे नेसतो, केसांत फुले माळतो आणि गौळण गातो. मावशीच्या सोंगाला म्हातारीकोतारीही मनमुराद हसतात. अलीकडे काही मंडळांतून स्त्रिया रंगमंचावर येऊ लागल्या आहेत आणि ते इष्टच आहे. परंतु पुरुषाने बाई होऊन गावे, हा या खेळाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही.

पहाटे लुगडे पेटीत ठेवले जाते आणि राधा पुन्हा शेतकरी होते. गावाची मान्यता या पेटीवर अवलंबून असते. लुगडे पेटीत परत गेले तर ती कला. ते अंगावरच ठेवावे, तेच आपले खरे रूप आहे असे एखाद्याला मनापासून वाटले, तर मात्र ते कुळाला लागलेले लांच्छन! रात्री ज्याच्या गौळणीला बक्षिसे लागतात, तशाच चालीने दिवसा चालणाऱ्या दुसऱ्याला त्याच वाडीत पोरे खडे मारतात, बाप बोलणे टाकतो आणि एक दिवस तो मुंबईची गाडी धरतो. चाकरमानी मुंबईला जातो तो परतण्यासाठी. हा जातो तो कायमचा. सोंगाला मान आणि माणसाला हद्दपारी, हा व्यवहार ज्या समाजात चालतो, त्या समाजाला आपल्या लोककलेचा अभिमान सांगण्याचा अधिकार कितपत पोहोचतो, हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्याने विचारला पाहिजे.

मराठी मनाला स्त्री-पुरुषांतील ही सीमा ओलांडणे अपरिचित आहे असे म्हणता येणार नाही. पंढरीचा देव पुरुष. वारकऱ्यांनी त्याला विठाई म्हणून हाक मारली. ज्ञानेश्वर पुरुष; सातशे वर्षे महाराष्ट्र त्यांना माऊली म्हणतो. एकनाथांच्या गौळणी लिहिणारा गृहस्थ, गाणारे पुरुष आणि बोलणारी मात्र गोकुळातील बाई. याच रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे १८९९ साली जन्मलेल्या साने गुरुजींना लोकांनी आदराने मातृहृदयी म्हटले. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावणारा हा माणूस उघडपणे रडत असे, आणि त्या अश्रूंमुळे त्याच्या निर्धाराला कधी उणेपणा आला नाही. भक्तीच्या आणि सेवेच्या क्षेत्रात मराठी भाषेने पुरुषाला आई होण्याची मुभा दिली, हे तिचे मोठेपण आहे.

परंतु याच भाषेचे दुसरे अंग तपासले, की हे मोठेपण कोठे संपते ते ध्यानात येते. लांजा तालुक्यातील कोट हे झाशीच्या नेवाळकर घराण्याचे मूळ गाव. त्या घराण्यात सून म्हणून गेलेली लक्ष्मीबाई १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरनजीक स्वाराच्या वेषात लढताना पडली. सुभद्राकुमारी चौहान यांच्या हिंदी कवितेने तिला ‘मर्दानी’ म्हटले आणि देशभरच्या शाळांतून मुलांनी ते पाठ केले. बाईने पुरुषाचा वेष घेतला, पुरुषाचे काम केले, तर ती मर्दानी, हा गौरव. पुरुषात बाईची मृदुता, बाईची चाल, बाईची आवड दिसली तर तो बायकी, ही शिवी. एकीला बढती मिळाली, दुसऱ्याची पायउतारणी झाली. पुरुष वर आणि बाई खाली अशी उतरंड मनात पक्की असल्यावाचून या दोन शब्दांचे वजन इतके वेगळे झालेच नसते. तेव्हा तृतीयपंथीयांची अवहेलना हा कोणा मूठभरांचा खासगी प्रश्न मानणे चूक आहे. ज्या उतरंडीने स्त्रीला खालची पायरी दिली, तिनेच त्या पायरीवर स्वेच्छेने उतरणाऱ्याला गुन्हेगार ठरविले. बाईपणच हीन नसेल, तर बायकीपणा हीन कसा?

मराठी रंगभूमीचा इतिहासही या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९११ साली ‘मानापमान’मध्ये भामिनी झाले, १९१६ साली ‘स्वयंवर’मध्ये रुक्मिणी झाले. त्यांची साडी नेसण्याची तऱ्हा, त्यांचे दागिने, त्यांची केशरचना यांचे अनुकरण सुखवस्तू घरांतील स्त्रिया करीत. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटातील तारामती अण्णा साळुंके यांनी केली. ते एका उपाहारगृहात स्वयंपाकी होते. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका वठविल्या. हे सारे कौतुकास्पद आहेच. पण पुरुषांनी स्त्रीभूमिका का केल्या? कुलीन म्हणविणाऱ्या घरांनी बाईला रंगमंचाची बंदी केली होती आणि जी रंगमंचावर येई तिला कुलीन मानले जात नव्हते, म्हणून. बाईला बाईची भूमिका नाकारायची आणि पुरुषाने केलेल्या बाईचे कौतुक करायचे, असा हा दुहेरी व्यवहार होता. शिवाय हे नट नाटक संपल्यावर पगडी घालून, गृहस्थ म्हणून घरी परततील, ही अट सर्वांनी गृहीत धरलेली होती.

ही अट जेथे किंचित सैल झाली तेथे काय झाले, ते तमाशातील नाच्याच्या नशिबावरून कळते. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ या कादंबरीवर रवी जाधव यांनी काढलेला चित्रपट २०१० च्या जानेवारीत आला. त्यातील गुणा हा पिळदार शरीराचा मजूर तमाशाच्या वेडाने नाच्या होतो. तो तृतीयपंथी नाही. केवळ तसा दिसण्याचे काम तो पोटासाठी आणि कलेसाठी करतो. तेवढ्यासाठीही त्याचा संसार मोडतो आणि त्याच्या देहाची विटंबना होते. त्या चित्रपटातील लावण्या पुढे वर्षानुवर्षे लग्नाच्या वरातींत आणि गणपतीच्या मिरवणुकींत वाजल्या. त्या तालावर नाचणाऱ्या किती जणांना गुणाचे हाल आठवले असतील? आदल्याच वर्षी, २००९ साली, ‘जोगवा’ने यल्लमाला वाहिलेल्या जोगत्याची व्यथा मांडली होती, त्या भूमिकेबद्दल उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या कथेत तर समाजानेच एका तरुणाला जबरदस्तीने लुगडे नेसविले आहे. एकाला नको असताना लुगडे नेसवायचे आणि दुसऱ्याला हवे असताना ते ओरबाडायचे, ही एकाच जुलमाची दोन रूपे आहेत. दोन्हींत माणसाची इच्छा कोणी विचारीत नाही. आणि दोन्हींची गाणी मात्र लोकप्रिय होतात.

हा केवळ महाराष्ट्राचा दोष नव्हे. १९८७ साली फ्रान्समध्ये मिलेन फार्मर या गायिकेचे ‘सां कोंत्रफासों’ हे गाणे गाजले. ‘बनावटीवाचून’ असा त्या नावाचा अर्थ. मुलगी असून स्वतःला मुलगा म्हणविणाऱ्या व्यक्तीचे ते मनोगत आहे, आणि त्यात शेव्हालिए देओन या अठराव्या शतकातील व्यक्तीचा उल्लेख येतो. हे देओन १७२८ साली जन्मले. ते फ्रान्सच्या राजाचे घोडदळातील अधिकारी होते, मुत्सद्दी होते, गुप्तहेरही होते. ते पुरुष की स्त्री, यावर लंडनमध्ये पैजा लागल्या, आणि पैजेच्या पैशांचा दावा १७७७ साली इंग्लंडच्या न्यायालयात गेला. पंधराव्या लुईसाठी ज्याने हेरगिरी केली, त्याला सोळाव्या लुईने स्त्रीवेषातच राहण्याचे फर्मान काढले. पुढे राज्यक्रांती झाली, राजाने दिलेले निवृत्तिवेतन बंद पडले, आणि उतारवयात देओन यांना इंग्लंडमध्ये बायकी पोशाखात तलवारबाजीचे खेळ करून पोट भरावे लागले. १८१० साली लंडनमध्ये दारिद्र्यात त्यांचा अंत झाला. मृत्यूनंतरही लोकांचे कुतूहल शमले नव्हते. देहाची तपासणी झाली आणि तो पुरुषाचा ठरला.

या चरित्रातील वेषांतराची कथा सर्वांना ठाऊक असते. निवृत्तिवेतनाची कथा कोणी सांगत नाही. खरे मर्म तेथेच आहे. देओन यांना जोवर दरबारी वेतन होते तोवर त्यांचे वेगळेपण हा दरबाराच्या करमणुकीचा विषय होता. वेतन गेले तेव्हा तोच देह जत्रेत मांडावा लागला. मिलेन फार्मर यांनी त्या नावाला गाण्यात मानाचे स्थान दिले, यात त्यांचा उमदेपणा दिसतो. परंतु तोपर्यंत पावणेदोनशे वर्षे उलटून गेली होती. गाणे माणसाला आठवणीत जागा देऊ शकते. घरात, शाळेत, कारखान्यात जागा देणे हे राजकारणाचे काम आहे.

हिंदुस्थानात त्या राजकारणाने प्रथम काय केले? इंग्रज सरकारच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक भाग खास हिजड्यांसाठी होता. उत्तर हिंदुस्थानात तो राबविला गेला. त्यानुसार त्यांच्या नावांची नोंदवही ठेवली जाई. सार्वजनिक जागी बायकी पोशाख वा दागिने घालणे आणि नाचगाणे करून मिळविणे यासाठी विनावॉरंट अटक व दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शके. म्हणजे ज्या कलेवर पोट, तीच कला गुन्हा! स्वातंत्र्यानंतर त्या कायद्याचे जोखड १९५२ साली भटक्या-विमुक्तांच्या मानेवरून उतरले, पण पोलिसी नजर बदलली नाही. काम कोणी देईना म्हणून हात पसरावा, तर १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा उभा.

न्यायाचा पहिला ठळक शब्द उच्चारला गेला तो १५ एप्रिल २०१४ रोजी. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला आणि त्यांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून शिक्षणात व नोकरीत आरक्षण द्यावे असे केंद्राला आणि राज्यांना बजावले. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ या रकान्यात देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ माणसे नोंदली गेली होती. ज्यांनी भीतीपोटी वा नाइलाजाने दुसऱ्याच रकान्यात खूण केली, त्यांची गणती या आकड्यात असणे शक्य नाही. २०१९ साली संसदेने संरक्षणाचा कायदा केला. पण स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षांची सजा सांगणाऱ्या देशात तृतीयपंथीयांवरील लैंगिक अत्याचाराला त्या कायद्याने सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा ठरविली. एका नागरिकाच्या देहाची किंमत दुसऱ्याच्या देहाहून कमी, असे कायद्याच्या पुस्तकातच लिहिले गेले. महाराष्ट्रात २०२० साली कल्याण मंडळ झाले. तरी पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी रकाना असावा, यासाठी २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाला राज्य सरकारचे कान उपटावे लागले. रकाना मिळाला. पण रकान्याने पोट भरत नाही.

येथे काही जुने कार्यकर्ते आक्षेप घेतील. महागाई आहे, बेकारी आहे, कोकणातील शाळा पटसंख्येअभावी बंद पडत आहेत. अशा वेळी हा शहरी चोचला कशासाठी, असे ते विचारतील. या आक्षेपाला तळमळीची बाजू आहे आणि ती उडवून लावता कामा नये. पण आक्षेपातील ‘शहरी’ हा शब्दच तपासून पाहावा. हा प्रश्न शहरात दिसतो, कारण गावाने तो शहरात लोटला. लोकलगाडीच्या डब्यात टाळी वाजविणारे हात कोणत्या ना कोणत्या वाडीतील आहेत. त्या वाडीत त्यांच्या नावाचा सातबारा नाही, शिधापत्रिकेवरून नाव कमी झाले आहे, शाळेचा दाखला अर्धवट राहिला आहे. जमीन, धान्य, शिक्षण आणि काम या चार गोष्टी काढून घेतल्यावर माणसाला जे उरते, त्याला बेकारी म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? समाजवादी पक्षाने ज्यांच्यासाठी आजवर लाठ्या खाल्ल्या, त्यांच्याच पंक्तीतील ही माणसे आहेत.

कोकणाला तर हा धडा नव्याने शिकण्याचीही गरज नाही. पुरुष गिरणीत गेले तेव्हा मनीऑर्डरवर चालणाऱ्या घरांतील शेते, गुरे, म्हातारी माणसे आणि देणेकऱ्यांची बोलणी बायांनी सांभाळली. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डरी आटल्या, तेव्हाही चूल त्यांनीच पेटती ठेवली. पुरुषाचे म्हणून मानलेले प्रत्येक काम त्यांनी केले. त्यांना कोणी मर्दानी म्हटले नाही, त्यांच्यावर गाणे रचले नाही, आणि सातबाऱ्यावर नावही घातले नाही. बाईचे काम आणि पुरुषाचे काम ही विभागणी निसर्गाने केलेली असती, तर गरजेच्या वेळी ती इतक्या सहज मोडलीच नसती. मालकी मात्र मोडली नाही.

तेव्हा पक्षाने प्रथम स्वतःच्या अंगणात पाहावे. निष्क्रिय अधिकाऱ्याला वा मंत्र्याला बांगड्यांचा आहेर करण्याची प्रथा महाराष्ट्रातील जवळजवळ सर्व पक्षांच्या मोर्च्यांत आहे. छायाचित्रे निघतात, घोषणा दुमदुमतात. पण त्या बांगड्यांचा अर्थ काय? ‘तुम्ही बाईसारखे दुबळे आहात’ हाच ना? मोर्च्यात पुढच्या रांगेत चालणाऱ्या शेतमजूर बाईच्या हातांतही त्याच बांगड्या असतात. १९७२ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या. त्यांनी स्वयंपाकघरातील वस्तू सत्तेला धाक घालण्यासाठी उगारली. लाटणे आणि बांगडी दोन्ही एकाच घरातील. पहिले उगारले तेव्हा बाईची ताकद दिसली. दुसरी भेट म्हणून दिली तेव्हा बाईचा आणि तृतीयपंथीयांचा एकाच हाताने अपमान झाला. जो कार्यकर्ता सकाळी बांगड्यांचा आहेर करतो आणि संध्याकाळी समतेवर व्याख्यान देतो, त्याची समता अजून ओठांवरच आहे.

सामान्य माणूस नेत्यांहून पुढे जाऊ शकतो, याची उदाहरणेही समोर आहेत. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातील तरंगफळ या गावाने २०१७ साली ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला थेट सरपंच म्हणून निवडून दिले. गाव त्यांना ‘माऊली’ म्हणते. जळगाव जिल्ह्यातील भादली येथे अंजली पाटील यांनी स्त्रियांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला, तेव्हा तो फेटाळला गेला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेल्या, न्यायालयाने त्यांचा अर्ज ग्राह्य धरला आणि २०२१ च्या जानेवारीत त्या निवडून आल्या. पाणी, रस्ता, गटार यांसाठी मत देताना या गावांनी उमेदवाराचा देह तपासला नाही. त्यांनी माणूस पाहिला. पक्षाच्या तिकीटवाटपाच्या बैठकीला एवढी दृष्टी लाभली तरी पुष्कळ होईल.

कामाची यादी लांबलचक नाही. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी, ज्यांना घर सोडावे लागले अशांच्या शिधापत्रिका, ओळखपत्रे आणि मतदारयादीतील नावे यांसाठी तहसील कचेरीचे उंबरठे झिजवावेत, जसे ते भूमिहीनांसाठी झिजवीत आले आहेत. वडिलोपार्जित जमिनीतील हिस्सा नाकारला गेला असेल तेथे वकील उभा करावा. शाळेत चिडवले जाणारे मूल शाळा सोडण्याआधी शिक्षकाने पालकांना गाठावे. शिक्षक संघटनांत पक्षाची माणसे आहेत, त्यांना हे अशक्य नाही. २०१४ च्या निकालातील आरक्षणाचा मुद्दा पक्षाच्या जाहीरनाम्यात स्पष्ट शब्दांत यावा. आणि नमन मंडळांशी संबंध असलेल्या कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे, की मावशीच्या तोंडचे जे विनोद केवळ हिणविण्यासाठी आहेत, ते वगळण्याबद्दल मंडळांशी मोकळेपणाने बोलावे. लोककला हुकमाने बदलत नाही. पण ती ज्यांची आहे, त्यांच्याशी बोलून बदलते.

गाण्यांनी वाट पुष्कळ आधी दाखविली आहे. एकनाथांच्या गौळणींपासून पॅरिसच्या ध्वनिमुद्रिकेपर्यंत, जे समाजाच्या नियमांना अमान्य होते ते गाण्याने बिनदिक्कत मान्य केले. आता त्या मान्यतेचे रूपांतर रोजगारात, जमिनीच्या कागदात आणि घराच्या उघड्या दारात व्हावयाचे आहे. बक्षिसाची नोट रात्रीपुरती पुरते. रोजच्या मजुरीचा हक्क मिळाला, तरच गाणाऱ्याला गाव सोडावे लागणार नाही.